यकृत प्रत्यारोपणात बीपी पडलं म्हणजे रक्त कमी पडलं, असं नाही

‘बीपी पडलं? मग रक्ताच्या बाटल्या वाढवा की!’ प्रत्यारोपण चालू असताना बाहेर बसलेल्या नातेवाइकांत हे हमखास ऐकू येतं. समज जुना आहे, पण अर्धाच खरा.

रक्तस्राव झाला तर रक्त द्यावंच लागतं. मात्र सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत गेलेल्या पेशंटच्या रक्तवाहिन्या मुळातच सैलावलेल्या असतात. हृदय भरपूर रक्त फेकतं, तरी दाब कमीच. त्यात जुनं यकृत काढताना पोटातली महाशीर चिमट्याने बंद करावी लागली, तर हृदयाकडे परतणारं रक्त एकदम घटतं.

खरी कसोटी नव्या यकृतात रक्त सोडताना. त्यातून थंड, आम्लधर्मी, पोटॅशियम जास्त असलेलं रक्त थेट हृदयाकडे धावतं. पहिल्या 5 मिनिटांत सरासरी दाब 30 टक्क्यांहून जास्त उतरून किमान 1 मिनिट तसाच राहिला, तर त्याला रीपरफ्यूजन सिंड्रोम म्हणतात. भूलतज्ज्ञ धमनीतल्या नळीमुळे ठोक्यागणिक दाब पाहत असतात. कॅल्शियम आणि अ‍ॅड्रेनॅलिनच्या सिरिंज आधीच भरून हाताशी ठेवलेल्या असतात. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन पंपावर, गरज पडल्यास व्हासोप्रेसिनही; ही दोन्ही रक्तवाहिन्या आवळून दाब वाढवणारी औषधं.

अशा वेळी नुसतं सलाईन ओतत राहिलं, तर शिरांमधला दाब वाढतो, रक्तस्राव आणखी होतो आणि नवं यकृत फुगतं. म्हणून डॉक्टर सलाईनला हात आखडता घेतात. तो हलगर्जीपणा नव्हे, उपचारच आहे.