यादीत नाव नसेल, तर ‘चॅलेंज व्होट’ मिळतं का?

प्रत्येक निवडणुकीआधी एक मेसेज फिरतो: यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा, ‘कलम ४९ए’खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा. असं काहीही नाही. निवडणूक नियम १९६१ मधला ४९ए हा नियम मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे! यादीत नाव नाही, तर मतदान नाही; लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२ हेच सांगतं. नियमांतलं ‘चॅलेंज’, म्हणजे आक्षेप, वेगळा: तो मतदाराच्या ओळखीवर, २ रुपये भरून घेतला जातो.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती माहीत असायलाच हवी. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर परत फिरू नका. नियम ४९पी खाली ओळख पटवून, अशा मतांच्या वेगळ्या यादीत सही करून कागदी मतपत्रिका मिळते. शिक्का मारून घडी घातलेली ती मतपत्रिका केंद्राध्यक्ष वेगळ्या लिफाफ्यात ठेवतात. हे प्रदत्त मत. नेहमीच्या मोजणीत ते धरत नाहीत, पण न्यायालयात वाद गेला तर तो पुरावा असतो.

‘अशी १४ टक्के मतं पडली की फेरमतदान’ हीसुद्धा थाप. नाव नसेल तर नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, भरा, आणि तो मतदानाच्या दिवशी नव्हे, बराच आधी.