वनस्पतीआधारित जीवनाधार प्रणाली

दीर्घ अंतराळ मोहिमांत माणसाला लागणारी हवा, पाणी आणि अन्न पिकांच्या साहाय्याने यानातच पुन्हा पुन्हा तयार करणाऱ्या बंदिस्त व्यवस्थेस वनस्पतीआधारित जीवनाधार प्रणाली म्हणतात. अंतराळवीर दिवसाला सुमारे ०.८४ किग्रॅ. ऑक्सिजन घेतो आणि जवळपास १ किग्रॅ. कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. पिके हा कार्बन डायऑक्साइड वापरून ऑक्सिजन सोडतात, तर पानांतून बाष्परूपाने निघालेले पाणी थंड करून परत मिळवता येते. प्रखर कृत्रिम प्रकाशात एका माणसाच्या ऑक्सिजनासाठी २० ते २५ चौ.मी. पीक पुरते, संपूर्ण अन्नासाठी मात्र सुमारे ५० चौ.मी., म्हणजे अर्धा गुंठा, लागते असा सर्वसाधारण अंदाज आहे.

सायबेरियातील क्रास्नोयार्स्क येथे ‘बायोस-३’ या ३१५ घ.मी. बंदिस्त वास्तूत १९७२-७३ मध्ये तिघांची तुकडी ठेवून १८० दिवसांचा प्रयोग झाला. अमेरिकेतील ‘बायोस्फिअर-२’ मध्ये (१९९१–९३) सुपीक मातीतील सूक्ष्मजीवांच्या श्वसनामुळे ऑक्सिजन सुमारे २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर घसरला आणि बाहेरून भरावा लागला. बीजिंगमधील ‘युएगाँग-१’ प्रयोग २०१७-१८ मध्ये ३७० दिवस चालला. इस्रोने डिसेंबर २०२४ मध्ये पीएसएलव्ही-सी६० बरोबर पाठवलेले चवळीचे बी चार दिवसांत रुजले. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात मेथी व मूग रुजवले. तथापि कोंब बियातील साठ्यावर वाढतो. पीक हाती येणे ही पुढची आणि कितीतरी कठीण पायरी आहे.

चर्चा ऑक्सिजनाची अधिक होत असली, तरी खरा चिवट प्रश्न मिठाचा आहे. मूत्रातील नायट्रोजन व पोटॅशियम पिकांना उपयोगी पडतात, परंतु त्यातील सोडियम गहू फारसा घेत नाही, त्यामुळे प्रत्येक आवर्तनागणिक ते पोषक द्रावणात साचत जाते. सांगली जिल्ह्यातील वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत कृष्णाकाठच्या उसाच्या जमिनी अतिसिंचनाने क्षारपड झाल्या, त्यामागेही हेच आहे: पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. तेथे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून खारे पाणी बाहेर काढता येते. यानात ते सोडण्यास दुसरी जागाच नसते. म्हणून क्षार यंत्राने वेगळे करावे लागतात, किंवा खाऱ्या जमिनीत वाढणारी व खाता येणारी सॅलिकॉर्नियासारखी वनस्पती साखळीत घेऊन तिने शोषलेले मीठ जेवणातून माणसाकडे परत न्यावे लागते. या दुसऱ्या मार्गावर क्रास्नोयार्स्कच्या संशोधकांनी प्रयोग केले आहेत.