शोरूमचा अल्बम वेगळा, ब्रोशर वेगळं

गेल्या पावसाळ्यात जालन्याच्या एका जुन्या गॅरेजवाल्या चाचांचा फोन आला. "भैय्या, फियाटचा शोरूमचा अल्बम घावलाय. रद्दीत जायच्या आधी येऊन बघा." दुपारची एसटी धरून गेलो. काळ्या रेक्झिनची जाड वही होती, पाठीवरची सोनेरी अक्षरं झिजलेली. आत फियाट 1100 डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी अशी रंगीत पत्रकं आणि मधूनमधून टाइप केलेले किमतीचे कागद, सगळं पंच करून नाडीने ओवलेलं. चाचा म्हणाले, "टेबलावरच राहायचा हा. गिऱ्हाइकाला घरी न्यायला कधीच द्यायचे नाहीत."

चाचांचं म्हणणं खोटं नव्हतं, पण तो डीलर अल्बम, म्हणजे गिऱ्हाइकाला रंग-कापडाचे नमुने दाखवायला कंपनीने डीलरला दिलेला अल्बम, नव्हता. कुणा नेटक्या मुनीमाने ब्रोशरं एकत्र बांधून ठेवली होती. जुन्या गाड्यांचे कागद जमवणाऱ्यांत ही गल्लत कायम होते. विकणाराही अल्बम म्हणतो, घेणाराही अल्बम म्हणतो, आणि पैसे अल्बमचे मोजले जातात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

एखादा कागद हातात आला की मी आधी एकच गोष्ट बघतो: हा कुणाच्या हातात राहावा म्हणून छापला होता? ब्रोशर, आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी कॅटलॉग, हे गिऱ्हाइकाने घरी न्यायचं. घरच्यांना दाखवायचं, शेजाऱ्याशी त्यावरून वाद घालायचा आणि गाडी आली की विसरून जायचं. त्यामुळे ते हलकं असतं, घडीचं किंवा दोन पिनांचं, आणि छापलेलं भरपूर. अल्बम हा विक्रेत्याचा. तो कंपनी डीलरला पाठवायची, तो शोरूममध्ये टेबलावर पडून असायचा आणि जितके डीलर साधारण तितक्याच प्रती निघायच्या. नवं मॉडेल आलं की जुनी पानं काढून नवी घालायची, नाहीतर अख्खा अल्बमच टाकून द्यायचा. मुळात कमी छापलेला आणि दरवर्षी फेकला गेलेला, म्हणून तो आज दुर्मीळ आहे.

माझ्याकडे खरा डीलर अल्बम एकच आहे, 1960च्या दशकातल्या शेवरलेटचा. मावसभावाने अमेरिकेतल्या जुन्या बाजारात घेतला आणि बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये घालून आणला. हातात घेतला की आधी वजन जाणवतं. रंगांच्या पानावर डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळतं की इथे रंगाचं चित्र छापलेलं नाही, गाडीला मारायचाच रंग दिलेली चकती चिकटवली आहे. चकतीची कड बोटाला लागते. पुढे शेवरलेटच्याच इम्पाला गाडीच्या सीटच्या कापडाचे आणि व्हिनाइलचे खरे तुकडे आहेत, कडा नागमोडी कापलेल्या, प्रत्येकाखाली क्रमांक. समोरच्या पानावर त्यांच्या विणीचा ठसा उमटलाय. एका हिरव्या तुकड्याचा कोपरा पार गुळगुळीत झालाय. कितीजणांनी तो चिमटीत धरून पाहिला असेल! हे पान उघडून बसलो की माझी संध्याकाळ तिथेच जाते.

ही पानं काही हौसेखातर बनवलेली नव्हती. अमेरिकेत त्या काळी दर शरद ऋतूत नवी मॉडेलं यायची. बाहेरचा रंग, छताचा रंग, आतलं कापड, इंजिन, गिअर, सगळं गिऱ्हाइकाने निवडून मागवायचं. इतक्या जोड्यांच्या गाड्या कुठलाच डीलर दारात उभ्या करू शकत नव्हता. म्हणून शोरूममध्ये नसलेली गाडी अल्बमच्या पानांवर जुळवून दाखवायची. ब्रोशरचं काम मोह पाडायचं. पाँटिअॅक या अमेरिकन गाडीची 1959 ते 1971 या काळातली चित्रं बघा. आर्ट फिट्झपॅट्रिक गाडी रंगवायचे आणि व्हॅन कॉफमन आजूबाजूची माणसं आणि देखावा. त्या चित्रांत गाडी असते त्याहून रुंद आणि ऐसपैस दिसते. चित्र म्हणून मला ती फार आवडतात. पण गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची असेल तर ब्रोशरवरून रंग जुळवायला जाऊ नका, छपाईची शाई आणि गाडीचा रंग यांचा मेळ बसत नाही. तिथे अल्बमच कामाला येतो. पानं मिटलेली असल्यामुळे त्यातल्या चकत्यांना ऊनही कमी लागलेलं असतं.

या दोघांच्या मधलाही एक प्रकार आहे, विक्रेत्याची डेटा बुक. खिशात किंवा ड्रॉवरमध्ये ठेवायची, आकडे, मापं आणि स्पर्धक गाड्यांशी तुलना असलेली. कॅडिलॅकच्या डेटा बुक प्रसिद्ध आहेत. आणि रंग बनवणाऱ्या कंपन्यांची चकत्या लावलेली पत्रकं गॅरेजसाठी असत, शोरूमसाठी नव्हे. तीही अल्बमची सुटी पानं म्हणून खपवली जातात. पानावर वरती नाव मोटारीच्या कंपनीचं आहे की रंगाच्या, तेवढं बघितलं तरी पुरे.

आता आपल्या भागाकडे वळू. मराठवाड्यात खरा डीलर अल्बम का सापडत नाही, असं मला नवे संग्राहक विचारतात. कारण आपल्याकडे विक्रेत्याला गाडी विकावीच लागत नव्हती. परवाना राज्यात उत्पादन ठरवून दिलेलं, किमतीवर सरकारचं नियंत्रण, आणि फियाट असो की स्कूटर, नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं. निवडायला होतं काय? ॲम्बेसेडर 1950च्या दशकाच्या शेवटी आली ती मॉरिस ऑक्सफर्डचं रूप घेऊन, आणि 2014 मध्ये बंद होईपर्यंत तिचा बांधा जवळपास तोच राहिला. जिथे नंबर लागला की मिळेल त्या रंगाची गाडी लोक आनंदाने घरी न्यायचे, तिथे कापडाचे तुकडे कुणाला दाखवणार? स्वातंत्र्याआधीची गोष्ट थोडी निराळी. फोर्डने 1926 मध्ये आणि जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली होती, आणि त्या काळची ब्रोशरं अधूनमधून जुन्या वाड्यांतल्या पेट्यांत निघतात. पण तीही ब्रोशरंच.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की इथल्या माणसाने अल्बमच्या मागे लागून पैसे घालवण्यापेक्षा इथल्या डीलरचा शिक्का असलेली ब्रोशरं आणि ट्रॅक्टरची मराठी पत्रकं जमवावीत. मॅसी फर्ग्युसन, इंटरनॅशनल, एचएमटी यांची पत्रकं आपल्याकडे गावोगाव पोचली आणि चुलीत गेली. माळेगावच्या यात्रेत वाटलेलं एक पत्रक माझ्याकडे आहे. पुढे ट्रॅक्टरचं चित्र, मागे कोऱ्या जागेत पेन्सिलने मांडलेला हिशेब: बैलजोडी विकून किती येतील, बँकेचा हप्ता किती. असला कागद परदेशातल्या कुठल्याही मोठ्या संग्रहात मिळायचा नाही.

शिक्क्याकडे नीट बघायला शिकलं की कागदाचा काळ बऱ्यापैकी सांगता येतो. पत्त्यात हैदराबाद राज्य असेल तर तो 1 नोव्हेंबर 1956 च्या आधीचा. मुंबई राज्य असेल तर तिथून 1 मे 1960 पर्यंतचा, कारण मराठवाडा तेवढीच साडेतीन वर्षं त्या राज्यात होता. किंमत रुपये-आणे-पैमध्ये असेल तर बहुधा एप्रिल 1957 च्या आधीची, 'नये पैसे' लिहिलं असेल तर त्यानंतरची. सहा आकडी पिन कोड, म्हणजे औरंगाबादसाठी (आजचं छत्रपती संभाजीनगर) 431001, दिसला की कागद 15 ऑगस्ट 1972 च्या अलीकडचा. एक सावधगिरी मात्र ठेवा. शिक्का कागदावर नंतरही मारलेला असू शकतो, त्यामुळे तो वाटल्याचा काळ सांगतो, छापल्याचा नव्हे. अमेरिकन ब्रोशरच्या मागे तळाशी बारीक अक्षरात छपाईचा महिना आणि वर्ष बरेचदा असतं. तिथे 1957 च्या गाडीच्या कागदावर 1956 दिसलं तर दचकू नका, गाडी आधीच्या शरदातच बाजारात यायची.

नकली छपाईचं दुखणं दोन्ही प्रकारांत आहे, पण ब्रोशरात जास्त. जवळ भिंग ठेवा. जुन्या अस्सल छपाईत चित्र ठिपक्यांचं असतं, पण काळी अक्षरं सलग शाईची, कडा स्वच्छ. स्कॅन करून पुन्हा छापलेल्या कागदात अक्षरंसुद्धा ठिपक्यांनी बनलेली दिसतात आणि चित्रावर जाळीसारखी लहर येते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा म्हणून सांगितलेला कागद नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली निळसर पांढरा चमकला तर तो परत करा, कागदात चमक आणणारं ते रसायन नंतर आलं. अल्बमची नक्कल करायला रंगाच्या चकत्या आणि कापड लागतं, त्यामुळे तिथे वेगळी लबाडी चालते: रिकाम्या बाइंडरमध्ये दुसऱ्या वर्षाची पानं घालणं. चकत्यांचे क्रमांक, कापडाचे क्रमांक आणि गाडीच्या मॉडेलची नावं एकाच वर्षाची आहेत ना, हे एकेक करून ताडून बघावं लागतं. मी एकदा घाईत हे केलं नाही आणि दोन वेगवेगळ्या वर्षांची पानं एकाच पुठ्ठ्यात घातलेला अल्बम घेऊन बसलो. पैसे गेलेच, पण त्या लबाडीत दोन अल्बम मोडले गेले याचं वाईट अजून वाटतं.

जपण्याची रीतही वेगळी. ब्रोशर सपाट ठेवलं, गंजलेल्या पिना हळूच काढल्या आणि पॉलिप्रोपिलीनच्या पाकिटात घातलं की निभतं. साध्या चकचकीत पीव्हीसी पाकिटात घालू नका. आपल्या मे महिन्यात ते घामेजतं आणि शाई स्वतःकडे ओढून घेतं. अल्बमला उकाड्याचा त्रास दुहेरी होतो: चकत्यांचा डिंक सुकून त्या गळतात आणि रेक्झिनला भेगा जातात. तो आडवाच ठेवावा, पानांमध्ये आम्लरहित कागद घालावा, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून कसर आणि वाळवी बघावी. गळलेली चकती फेव्हिकॉलने चिकटवू नये, पाकिटात घालून त्याच पानाजवळ ठेवावी.

चाचांची ती वही मी घेतली, ब्रोशरांच्या भावाने. चाचांना फरक समजावून सांगितला, त्यांनी भिंगातून अक्षरं पाहिली आणि "अस्सल तर हाय ना मग," एवढंच म्हणाले. अस्सल होतीच. घरी येऊन नाडी सोडायला बसलो तेव्हा शेवटच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मुनीमाचं अक्षर दिसलं. गावांची नावं, प्रत्येकापुढे नोंदणीची तारीख आणि गाडी आल्याची तारीख, मध्ये कितीतरी वर्षं. काही ओळींत दुसरी तारीख भरलेलीच नाही. मी नाडी सोडली नाही. वही आहे तशी कपाटात ठेवली आणि चिठ्ठीवर लिहिलं: डीलरने बांधलेली फियाटची ब्रोशरं, जालना.