दाब बदलला की माशाच्या पोटात काय होतं?

पाण्यात दर १० मीटर खोलीला दाब साधारण एका वातावरणाने, म्हणजे पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाएवढा, वाढतो. पृष्ठभागावर हवेचा दाब असतोच, म्हणजे १० मीटर खाली तो दुप्पट. माशाच्या स्नायूंना आणि रक्ताला एवढ्याने काही होत नाही, कारण पाणी जवळजवळ दबतच नाही. खरी अडचण असते ती त्याच्या पोटातल्या हवेची.

गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांच्या कण्याखाली हवेची पिशवी असते, तिला वाताशय म्हणतात. तिच्यामुळे मासा फारसे श्रम न करता एका पातळीवर तरंगतो. गोडं पाणी समुद्राच्या पाण्याहून हलकं असल्याने ही पिशवी मोठी लागते: शरीराच्या आकारमानाच्या ७-८ टक्के, तर समुद्री माशांत ती ५ टक्क्यांच्या आसपास असते. मासा खाली गेला की पिशवी आक्रसते, तो जड होतो आणि आणखी बुडू लागतो. वर आला की नेमकं उलटं. १०० मीटरवरून ९० मीटरवर येताना तिच्यातली हवा जेमतेम दहा टक्के फुगते. शेवटच्या १० मीटरमध्ये मात्र ती दुप्पट होते. उथळ पाणी सोपं वाटतं, पण दाबाचा सगळ्यात मोठा चढउतार तिथेच आहे.

रोहू, ट्राउट यांच्या वाताशयातून अन्ननलिकेत एक नळी उघडते. वर येताना जादा हवा ते तोंडावाटे सोडून देतात. पर्च, तिलापिया यांची ही नळी वाढीच्या सुरुवातीलाच बंद होते आणि पुढे सगळी भिस्त रक्तावर. वाताशयाच्या भिंतीतली एक ग्रंथी रक्तात आम्ल सोडते, त्याबरोबर हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सुटते. शेजारीच बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. त्यात येणारं आणि जाणारं रक्त एकमेकांना खेटून उलट दिशांनी वाहतं, त्यामुळे परत निघालेला वायू येणाऱ्या रक्तात शिरून पुन्हा ग्रंथीकडेच जातो. पंप नाही, झडप नाही, तरी दाब चढत जातो! मला ही सजीवांतली अत्यंत देखणी रचना वाटते.

पण हे काम सावकाश चालतं, पिशवी भरायला-रिकामी व्हायला तास लागतात. म्हणून खोलातून झटकन ओढून काढलेल्या पर्चचे डोळे बाहेर येतात, कधी जठरही तोंडातून बाहेर ढकललं जातं. जलविद्युत केंद्राच्या टर्बाइनमधून जाताना तर दाब क्षणार्धात कोसळतो आणि वाताशय फुटू शकतं. पाती लागली नाहीत तरी मासा मरू शकतो, हे धरणांची आखणी करताना विसरून चालणार नाही.

१,६०० मीटरहून खोल असलेल्या बैकल सरोवरातल्या गोलोम्यांका माशाने हा प्रश्नच ठेवलेला नाही. त्याला वाताशय नाही. अंगातल्या भरपूर चरबीवर तो तरंगतो आणि बिनधास्त खालीवर करतो.

वादळाआधी हवेचा दाब घटल्याने मासे गळाला लागत नाहीत, असं गळ टाकणारे सांगतात. पण दाब ३० मिलिबारने उतरला, तरी तो फरक ३० सेंटिमीटर पाण्याएवढाच. तेवढं अंतर मासा सहज खालीवर करत असतो. म्हणून दाबाला दोष देण्याआधी मी वारा, उजेड आणि पाण्याचं तापमान तपासेन.