ट्रॅक्टरचलित लाकूड चिपर

ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाची शक्ती जोडलेल्या यंत्राला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारे, झाडाच्या फांद्यांचे बारीक तुकडे करणारे यंत्र. कडबाकुट्टी पाहिलेल्या माणसाला ते समजावून सांगायला वेळ लागत नाही: जड फिरते चाक, त्यावर पाती, समोर एक स्थिर पाते, आणि दोघांमधल्या एक-दोन मिलिमीटरच्या फटीशी जे येईल त्याची कुट्टी. चाकाला जोडलेले पंखे हा चुरा नळीतून बाहेर फेकतात. बाजारात चिपर, श्रेडर आणि मल्चर ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. काटेकोर बोलायचे तर चिपर पात्याने कापतो, श्रेडर हातोड्यांनी ठेचतो आणि मल्चर जमिनीवर पडलेला पाला जागच्या जागी कुटत जातो. उसाच्या पाचटासाठी चिपर घेणाऱ्याची निराशा ठरलेली.

या यंत्राचा शोध 1884 मध्ये जर्मनीतील मासब्यूल गावच्या पीटर येन्सन यांनी लावला, असे मानले जाते. पीटीओचे मानक अमेरिकेतील कृषी अभियंत्यांच्या संस्थेने 1927 मध्ये ठरवले. मिनी ट्रॅक्टरच्या मागे दिसणारा सहा खाचांचा, सुमारे 35 मिलिमीटर जाडीचा शाफ्ट आजही मिनिटाला 540 फेऱ्यांच्या हिशेबानेच चालतो.

महाराष्ट्रात द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांत 15 ते 28 अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर रुळले आहेत, कारण दोन ओळींच्या मधून ते वेलीला न घासता निघतात. चिपर निवडताना मात्र बॉनेटवरचा आकडा फसवतो. 24 अश्वशक्तीच्या इंजिनातून पीटीओपर्यंत 18 ते 20 पोहोचली तरी पुष्कळ. फांदीची जाडी दुप्पट झाली की कापायचे क्षेत्र चौपट होते, त्यामुळे ‘चार इंची’ म्हणून विकलेल्या यंत्रात असा ट्रॅक्टर चार इंची ओंडका क्वचित घेईल, दिवसभर नाही. दोन-अडीच इंचांची ओली फांदी मात्र तो बिनतक्रार खातो. वाळलेली बाभूळ त्याच जाडीला पात्यांची परीक्षा घेते. तोडल्यावर दोन-चार दिवसांत कुट्टी केलेली बरी.

खरे काम इंजिनापेक्षा चाकात साठलेला वेग करतो. चाकातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. फेऱ्या 540 वरून 400 वर घसरल्या की ती जवळपास निम्मी उरते. म्हणून जाणता चालक मीटरकडे कमी आणि आवाजाकडे जास्त लक्ष देतो. आवाज खाली बसला की हात थांबवायचा, चाकाने पुन्हा सूर धरला की पुढची फांदी. महागड्या यंत्रांत हायड्रॉलिक रोलर फांदी ओढतात आणि फेऱ्या पडल्या की आपोआप थांबतात. साध्या यंत्रात ते भान माणसालाच ठेवावे लागते.

याच चाकाचा एक त्रास जुन्या, एकाच क्लचच्या ट्रॅक्टरवर जाणवतो. क्लच दाबला तरी जड चाक फिरतच राहते, शाफ्टमार्गे गिअरबॉक्सला उलटा रेटा देते, आणि गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर पुढे सरकत राहतो. एकाच दिशेने जोर देणारा ओव्हररनिंग क्लच शाफ्टवर बसवला की हा प्रश्न मिटतो. शाफ्टची लांबी हा दुसरा मुद्दा. लिफ्ट वर-खाली करताना आतली नळी टेकली तर बेअरिंग जाते. फार आखूड असेल तर ती चालू कामात सुटून येते. शाफ्टवरचा शिअर बोल्ट, म्हणजे जादा ताण आला की मुद्दाम आधी तुटणारा बोल्ट, तुटला तर त्याच दर्जाचा टाकायचा. जवळ होता म्हणून कठीण पोलादाचा बोल्ट ठोकला की पुढच्या खेपेला गिअर तुटतो.

बागेत खरा शत्रू लाकूड नसतो. छाटलेल्या काड्यांबरोबर बांधणीची सुतळी, ठिबकच्या लॅटरलचे तुकडे आणि तारेचा एखादा वेढा येतो. तारेने पात्याला खाच पडते, नायलॉनची सुतळी शाफ्टला गुंडाळून सीलपर्यंत जाते. द्राक्षाची काडी पेन्सिलीएवढीच असल्याने एप्रिलच्या खरड छाटणीचा माल श्रेडरनेही भागतो. चिपरची गरज जुनी बाग काढताना, ओलांडे (वेलीच्या जाड आडव्या फांद्या) आणि खोडे यांच्यासाठी लागते.

540 फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ. उपरणे, पदर किंवा ओढणी शाफ्टला लागली तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही, म्हणून शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे कव्हर काढून ठेवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. तो गावोगाव चालतो. फांदीचा जाड बुंधा आधी घालायचा आणि घालणाऱ्याने यंत्राच्या तोंडासमोर नव्हे, एका बाजूला उभे राहायचे. अडकलेला तुकडा काढण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवायची आणि चाक पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची. पीटीओ सोडल्यावरही ते बराच वेळ फिरत असते.

चिपांचा मुख्य उपयोग आच्छादनासाठी. कॅनडातील लाव्हाल विद्यापीठात झील ल्मिये यांनी सात सेंटिमीटरपेक्षा बारीक फांद्यांच्या चिपांचा मातीसाठी वेगळा अभ्यास केला, कारण झाडातली अन्नद्रव्ये खोडापेक्षा डहाळ्यांत जास्त असतात. ताज्या चिपा मातीत मिसळल्या तर त्या कुजवणारे जीवाणू नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. वर पसरल्या तर हा परिणाम वरच्या पातळ थरापुरता राहतो. तेल्या रोगाच्या डाळिंबाच्या फांद्या आणि खोडकिड्याने पोखरलेले ओलांडे कुट्टी करून बागेत परत टाकू नयेत. ते बागेबाहेर नेऊन जाळतात. ताज्या चिपांचा ढीग काही दिवसांत आतून चांगलाच तापतो, म्हणून पसरताना खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवतात.