मुरूम आणि गिट्टी: पांदण रस्त्यात कोणाचे काम कोणते

नागपूर जिल्ह्यात शेतरस्त्याचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो: मुरमात पैसे घालवू नका, थोडे जास्त लागले तरी सरळ गिट्टीच टाका. मुरूम म्हणजे स्वस्तातली, कमी प्रतीची गिट्टी, हा समज त्यामागे असतो आणि त्यापायी दरवर्षी कितीतरी ब्रास चांगली गिट्टी काळ्या मातीच्या पोटात जाते.

गिट्टी काय असते हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ज्या शहरातल्या एका वस्तीचे नावच गिट्टीखदान आहे, तिथल्या वाचकाला ते ठाऊक असतेच. ती क्रशरवरून आकारानुसार मिळते, मुरूम खाणीतून जसा निघेल तसा येतो. गिट्टी महाग, मुरूम स्वस्त. दोन्हींची मोजणी ब्रासने, म्हणजे १०० घनफुटांनी होते. हे फरक खरे असले तरी त्यांनी रस्ता बिघडत नाही.

रस्ता बिघडतो तो पोकळीमुळे. क्रशरची गिट्टी एका मापाची असल्याने दोन दगडांमध्ये मोकळी जागा राहते. खालची जमीन खडकाळ असेल तर त्याने काही अडत नाही. पण आपली काळी कापसाची जमीन पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भर पावसात तिची वजन पेलण्याची ताकद जवळजवळ संपते. अशा जमिनीवर थेट अंथरलेल्या गिट्टीवरून भरलेली ट्रॉली गेली की दगड खाली दबतो आणि त्याच पोकळीतून चिखल वर येतो. आषाढात टाकलेली गिट्टी पोळ्यापर्यंत दिसेनाशी होते ती अशी. मग ठेकेदाराने माल कमी टाकला अशी बोंब होते आणि पुढच्या वर्षी त्याच जागी आणखी गिट्टी पडते. माल पूर्ण पडलेला असतो, फक्त तो आता वीतभर खाली असतो.

मुरमात ही पोकळी नसते. त्यात सुपारीएवढ्या खड्यापासून भुकटीपर्यंत सगळ्या मापाचे कण असतात. पाणी मारून रोलर फिरवला की बारीक कण मोठ्यांच्या फटीत बसतात आणि असा घट्ट थर तयार होतो की खालचा चिखल त्यातून वर येऊ शकत नाही. म्हणजे मुरूम मातीला अडवतो आणि गिट्टी चाकाचा मार सोसते. ही दोन वेगळी कामे आहेत आणि एकाने दुसऱ्याचे करावे ही अपेक्षाच चुकीची आहे. काळ्या जमिनीवर न फुगणाऱ्या मालाचा दाबून ९ इंच थर असावा, तोही एकदम न ओतता दोन थरांत, प्रत्येक थर वेगळा दाबून. रस्ता १० फूट रुंद धरला तर दर १०० फुटांना दाबलेला मुरूम साडेसात ब्रास लागतो. सैल माल साधारण पाव हिश्शाने जास्त, म्हणजे साडेनऊ ब्रासच्या आसपास मागवावा. ठेकेदाराशी बोलणे ट्रॉल्यांच्या संख्येवर न करता दाबलेल्या थराच्या जाडीवर करावे, हे माझे ठाम मत आहे.

मात्र ट्रॉलीतून जे येते त्या सगळ्याला मुरूम म्हणता येत नाही. लाल दिसला की उत्तम मुरूम, ही समजूत मला विशेष खटकते. काटोल, कळमेश्वरकडे तो बेसाल्ट झिजून झालेला असतो, रामटेककडे जुन्या स्फटिकी खडकांचा, रेताड. दोन्हींत चांगलाही मिळतो आणि निव्वळ मातीही मिळते, त्यामुळे रंगावरून काहीच ठरत नाही. पीठ चाळायच्या चाळणीतून पडणारा बारीक भाग मूठभर घ्यावा, ओला करून मळावा आणि तळहाताने सपाट फरशीवर वळावा. तो ३ मिलिमीटर जाडीच्या लांब दोरीसारखा न तुटता पुन्हापुन्हा वळला जात असेल तर त्यात चिकणमाती जास्त आहे आणि ती ट्रॉली परत पाठवावी. वळण्याआधीच तो भुरभुरला तर माल कामाचा आहे.

गिट्टी या थरावर येते. ४० मिलिमीटरची, दाबून ३ इंच, आणि तिच्या फटीत चुरी, म्हणजे क्रशरची बारीक भुकटी, व थोडा बारीक मुरूम पाण्यासह भरलेला. खडीकरण म्हणतात ते हेच. स्लॅबसाठी आणलेली २० मिलिमीटरची गिट्टी उरली म्हणून रस्त्यावर पसरणे मात्र निव्वळ उधळपट्टी आहे, कारण बांधणारे काही नसल्याने ती महिनाभरात चाकांनी उडून धुऱ्यावर जमा होते. नदीतला गोल गोटाही नको. त्याला कोन नसल्याने तो एकमेकांत अडकत नाही.

पाण्याचे मात्र दोघांनाही वावडे आहे. खडीच्या रस्त्यांना ज्याचे नाव मिळाले त्या मॅकॅडमचे दोनशे वर्षांपूर्वीचे म्हणणेच असे होते की भार शेवटी खालची माती उचलते, दगडांचे काम तिला कोरडे ठेवण्याचे. आपल्याकडे नेमके उलट घडते: शेतात पेटी खोदून त्यात मुरूम भरतात, आणि चारही बाजूंनी काळी माती असलेली ती पेटी पावसाळाभर पाणी धरून बसते. रस्ता शेताच्या पातळीहून वर असावा, दोन्ही बाजूंना नाली असावी आणि १० फुटी रस्त्याचा मध्य कडांपेक्षा अडीच इंच उंच असावा. नालीतून निघालेली काळी माती तयार मुरमावर पसरणाऱ्याने तर मुरूम आणायचेच कष्ट घेऊ नयेत.

पैसे बेताचे असतील तर मी सगळ्या लांबीवर मुरूम घालेन आणि गिट्टी फक्त फाटकाशी, चढावर आणि नाल्याच्या पाईपवर. तीही पहिल्याच वर्षी नाही. एप्रिल-मे महिन्यात मुरूम दाबून एक पावसाळा त्यावरून ट्रॅक्टर-बैलगाडी चालू द्यावी, जिथे चाकोरी खोल जाईल तिथे दिवाळीनंतर मुरूम भरून पुन्हा दाबावा, आणि गिट्टीची ऑर्डर त्यानंतर द्यावी.