बागेतल्या तळ्यातली अंडी

बंगल्यामागचा हौद, सोसायटीच्या गार्डनमधलं सिमेंटचं तळं किंवा गच्चीतला कमळाचा टब, असल्या साठलेल्या पाण्यात बेडूक, गोगलगाय, चतुर, डास असे प्राणी घालतात ती अंडी. ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी नाहीतर घोडबंदर रोडला, नवी मुंबईत बेलापूरला पारसिकच्या डोंगराखाली किंवा खारघरच्या टेकड्यांजवळ राहणाऱ्यांना जूनमधला पहिला दणदणीत पाऊस झाला की ही दिसायला लागतात, आणि बरेच जण पाण्यात काहीतरी घाण झालीय म्हणून सगळा टबच ओतून देतात. हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण त्यातली काढून टाकायची गरज असते ती फक्त डासांची.

ओळखताना आधी जागा बघायची मग आकार, पाण्यावर की पाण्यात, पानाखाली की काठावर, एवढ्यावर निम्मं काम होतं.

बेडकाच्या अंड्याला कवच नसतं, मधे काळा ठिपका आणि भोवती पारदर्शक जेली, फालुद्यातला भिजलेला सब्जा असतो ना अगदी तसं. जेली पाण्यात गेल्यावर फुगते, आणि तो काळा रंग उन्हातल्या अतिनील किरणांपासून आतल्या जिवाला वाचवतो. भेकाची, म्हणजे अंगावर फोड असलेल्या त्या खडबडीत बेडकाची, अंडी सुटी नसतात, लांबच लांब जेलीच्या दोरीत ओवल्यासारखी पाणवनस्पतींना गुंडाळलेली असतात. पाण्यावर एकाच थरात तवंगासारखी पसरलेली बारीक अंडी दिसली तर ती बहुतेक अंगठ्याच्या पेराएवढ्या छोट्या बेडकांची.

सगळ्यात जास्त गैरसमज फेसाबद्दल होतो. पाण्यावर झुकलेल्या फांदीला, टबाच्या कडेला किंवा हौदाच्या भिंतीला पांढरट फेसाचा गोळा चिकटलेला दिसतो, आमच्याकडे माळीकाकांनी तो साबणाचा समजून एकदा पाइपने धुवून टाकला होता, ते आठवलं की अजून हळहळ वाटते. तो झाडबेडकाचा घरटं-फेस असतो. मादी अंगातून निघणारा चिकट द्रव मागच्या पायांनी घुसळून फेस करते, नर तिच्या पाठीवरच असतो, आणि अंडी त्या फेसातच घातली जातात. वरचा थर सुकून कडक होतो, आत ओल टिकते. ही अंडी काळी नसतात, फिकट असतात, कारण फेसाच्या आत ऊन पोचतच नाही. काही दिवसांनी फेस ढिला होतो आणि बेडूकमासे टपाटप खाली पाण्यात पडतात, म्हणून घरटं नेहमी पाण्याच्या बरोबर वर असतं आणि ते उचलून कुंडीत ठेवलं तर सगळी पिल्लं मरतात.

कमळाच्या पानाखाली चपटा, पारदर्शक जेलीचा तुकडा असेल तर तो पाणगोगलगायीचा. मोठ्या गोल शंखाची गोगलगाय मात्र पाण्याबाहेर येऊन काठच्या ओल्या मातीत पांढरी अंडी घालते. टाचणी, म्हणजे चतुरासारखाच पण बारीक अंगाचा किडा, पाणवनस्पतीच्या देठातच अंडी खुपसते, ती दिसतसुद्धा नाहीत. पाण्यातल्या एका चपट्या तपकिरी किड्याचा नर तर अंडी पाठीवर घेऊन फिरतो. गप्पी मासे थेट पिल्लं देतात, त्यामुळे टबात नुसते गप्पी असतील तर अंडी त्यांची नाहीत.

आता डास. क्युलेक्स जातीच्या डासाची अंडी एकमेकांना चिकटून काळपट तराफ्यासारखी तरंगतात, तांदळाच्या दाण्याएवढी. डेंग्यूवाल्या एडिसची सुटी, काळी, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या आतल्या बाजूला, आणि ती सुकून महिनोन्‌महिने जिवंत राहतात, म्हणून टब नुसता रिकामा करून उपयोग नाही, आतून घासावा लागतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा बघितलं तरी पुरतं. चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात, गप्पीही खातात, पण गप्पी बेडकाची अंडी आणि लहान बेडूकमासेही फस्त करतात, तेव्हा बेडूक हवे असतील तर त्यांना वेगळा टब द्यावा.

उभ्या कडेच्या टबात पाय फुटलेली पिल्लं बाहेर येऊ शकत नाहीत आणि बुडतात, म्हणून एक वीट तिरकी टेकवून ठेवायची, वरचं टोक पाण्याबाहेर राहील अशी.